दहावा वाटा कोणाचा?

ख्रिस्ती घरांतून दर महिन्याला चर्चकडे जाणाऱ्या दशमांशाबद्दल बाहेरच्यांना कुतूहल असते आणि आतल्यांत मतभेद. ही प्रथा शेतीतून आली, राजसत्तेच्या हाती गेली आणि इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावात नव्या रूपात रुजली. तिचा हा धांडोळा.

महिन्याचा पगार झाला की पुढच्या रविवारी अनेक मराठी चर्चमध्ये दानाच्या थैलीत सुट्या नोटांबरोबर बंद पाकिटे पडतात. पाकिटावर कुटुंबाचे नाव, महिना आणि रक्कम लिहिलेली असते. सुटी नोट म्हणजे दानार्पण, ते ज्याच्या त्याच्या मर्जीचे. पाकिटात असतो दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग. गीत संपते, थैल्या वेदीपाशी येतात, पाळक त्यांवर प्रार्थना करतात आणि उपासना पुढे चालू राहते.

ख्रिस्ती नसलेला शेजारी विचारतो, हे द्यावेच लागते का? नाही दिले तर काय होते? मंडळीतल्या माणसांचे प्रश्न निराळे असतात. दहावा भाग कापून हातात येणाऱ्या पगाराचा काढायचा की मूळ पगाराचा? शेतकऱ्याने बी-खताचा खर्च वजा करायचा की नाही? घरावर कर्ज असेल तर? आजारी भावाच्या औषधाला दिलेले पैसे दशमांशात धरायचे का? हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारणाऱ्याची श्रद्धा कमी आहे असे कोणी समजू नये. मात्र त्यांची उत्तरे टक्केवारीत शोधत बसलो तर ती सापडत नाहीत. हा दहावा वाटा मुळात कोणासाठी काढला जात होता, तिथून सुरुवात करावी लागते.

खळ्यावरचा हिशेब

बायबलमध्ये दशमांशाचा पहिला उल्लेख उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात येतो. लढाई जिंकून परतणारा अब्राम शालेमचा राजा आणि याजक मलकीसदेक याला सगळ्याचा दहावा भाग देतो. पुढे घरातून पळालेला याकोब बेथेल येथे नवस करतो, की देवाने सुखरूप परत आणले तर मिळेल त्याचा दहावा भाग देईन. दोघांनाही कोणता कायदा बांधत नव्हता.

कायदा आला तो मोशेच्या काळात आणि तो शेतकऱ्यांचा, मेंढपाळांचा कायदा होता. धान्य, द्राक्षारस, तेल, गुरे, मेंढरे यांचा दहावा भाग काढायचा. जनावरे काठीखालून एकेक जाऊ द्यायची आणि दहावे येईल ते परमेश्वराचे; चांगले-वाईट निवडून अदलाबदल करायची नाही. हा वाटा लेवी वंशाला मिळे, कारण देशाच्या वाटणीत लेवींना जमीन दिलेली नव्हती. त्यांचे काम मंदिराचे होते. ‘गणना’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात पुढची पायरीही आहे: लेवींनी त्यांना मिळालेल्या दशमांशाचा दशमांश याजकांना द्यायचा. घेणाऱ्यालाही देण्यातून सुटका नव्हती.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक पैलू दिसतो आणि चर्चमध्ये त्यावर फारसे बोलले जात नाही. तिथे दशमांश घेऊन कुटुंबाने पवित्रस्थानी जायचे आणि देवासमोर आनंदाने तो खायचा, असे सांगितले आहे. वाट लांबची असेल तर माल विकून पैसे न्यायचे आणि तिथे मनाला येईल ते विकत घेऊन मेजवानी करायची. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो वाटा गावातच साठवायचा. त्यावर हक्क चौघांचा: लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा. यांतल्या कोणाच्याही नावावर पोट भरेल अशी जमीन नव्हती. ज्यांना शेत आहे त्यांनी ज्यांना नाही त्यांचे पोट सांभाळावे, अशी ही व्यवस्था होती. हे वेगवेगळे दशमांश एकत्र मोजले तर एकूण देणे दहा टक्क्यांहून बरेच वर जाते, असे अनेक अभ्यासक मानतात.

मलाखीचा तिसरा अध्याय दशमांशाच्या उपदेशात हमखास वाचला जातो. दशमांश रोखून तुम्ही देवाला लुबाडता. भांडारात सगळा आणा म्हणजे आकाशाच्या खिडक्या उघडतील, असा त्याचा आशय. तो वाचताना त्याच पुस्तकाचे आधीचे दोन अध्यायही वाचायला हवेत. तिथे संदेष्टा याजकांना धारेवर धरतो: आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर चालवून घेता म्हणून आणि शिकवण्यात पक्षपात करता म्हणून. मलाखीचा आरोप न देणाऱ्यांवर जितका आहे तितकाच तो सांभाळणाऱ्यांवरही आहे.

पुदिना, शेप आणि जिरे

येशूच्या काळी काही परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, परसातल्या पुदिना, शेप, जिऱ्याचाही दहावा भाग मोजून देत. येशूने त्यांना फटकारले ते मोजण्याबद्दल नव्हे. न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी त्यांनी सोडून दिल्या होत्या. त्या करायच्या आणि या सोडायच्या नाहीत, असे तो म्हणाला. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेकडे त्याने शिष्यांचे लक्ष वेधले, तेव्हा तिने किती टाकले यापेक्षा तिच्याकडे मागे किती उरले हे त्याने पाहिले.

नव्या करारातल्या मंडळ्यांना प्रेषित पौलाने दहा टक्क्यांचा नियम घालून दिलेला नाही. करिंथच्या मंडळीला त्याने सांगितले, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे. आणि पुढच्या पत्रात, की ज्याने त्याने मनात ठरवले तसे द्यावे, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये. ही वर्गणी होती यरुशलेमच्या गरिबांसाठी. म्हणूनच आज ख्रिस्ती पंथांत दोन विचार दिसतात. काही प्रोटेस्टंट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या दशमांश हे आजही बंधन मानतात. इतरांच्या मते तो किमान पायरी आहे, कायदा नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत चर्चच्या गरजा भागवणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य म्हटले आहे, पण टक्का ठरवलेला नाही. त्यामुळे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतातला कॅथलिक आणि त्याच गल्लीतला पेंटेकोस्टल शेजारी यांची देण्याची रीत वेगळी असू शकते आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

दान कर झाले तेव्हा

स्वखुशीने दिलेला वाटा सत्तेच्या हातात गेला की त्याचे काय होते, हे युरोपने पाहिले. इ. स. ५८५ मध्ये माकॉंच्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा ठरवली. ७७९ मध्ये राजा शार्लमेनने तो राज्याचा कायदा केला. पुढची हजार वर्षे शेतकऱ्याच्या पेंढ्यांतली दहावी पेंढी चर्चच्या कोठारात जात राहिली. आयर्लंडमध्ये तर कॅथलिक शेतकऱ्याला स्वतःचा नसलेल्या अँग्लिकन चर्चसाठी दशमांश भरावा लागे. त्यातून १८३० च्या दशकात रक्तपात झाला. फ्रान्सच्या क्रांतीत १७८९ साली दशमांश रद्द करण्याचा निर्णय झाला, इंग्लंडने १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम ठरवली. जिथे दान कर झाले, तिथे लोकांच्या मनात चर्चबद्दल राग साठत गेला.

घाटमाथ्यावरची मंडळी

इगतपुरीची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची आहे. थळ घाटातून लोहमार्ग १८६५ मध्ये वर चढला आणि इगतपुरी रेल्वेचे गाव झाले. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, त्यांत अनेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे इथे राहू लागली. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर १८७० मध्ये भारतात आले आणि पुढे मुंबईत काम करू लागले. त्यांचा आग्रह एकच होता: इथल्या मंडळीने आपल्या पाळकाचा खर्च स्वतः उचलावा, अमेरिकेकडे हात पसरू नयेत. पुढे या कामाबद्दल लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी ‘स्वावलंबी’ हा शब्द घातला. मुंबईतून हे काम लोहमार्गाच्या कडेकडेने रेल्वे वस्त्यांत पसरले आणि इगतपुरीत मेथडिस्टांची सुरुवात याच ओघात झाली. रेल्वेत पगारदार असलेल्या माणसांनी आपल्या पगारातून मंडळी उभी करायची, हा या वाटचालीचा पाया होता.

टेलर यांना मुंबईत साथ मिळाली जॉर्ज बोवेन यांची. १८४८ मध्ये मुंबईत आलेल्या बोवेन यांनी थोड्याच काळात मिशनचा पगार नाकारला, शहरातल्या वस्तीत अत्यंत साधेपणाने राहिले आणि १८८८ मध्ये मुंबईतच वारले. या मेथडिस्ट परंपरेच्या मुळाशी जॉन वेस्ली होते. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाची हकिकत त्यांनी सांगितली आहे आणि तो तरुण ते स्वतःच, असे मानले जाते. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ पौंडांत राहिला आणि दोन दान केले. पुढे मिळकत ६० झाली, ९० झाली, १२० झाली, तरी तो २८ पौंडांतच राहिला आणि उरलेले सगळे देत गेला. इथे दहा टक्के हा आकडा फार मागे पडतो.

मराठी ख्रिस्ती समाजाला या स्वावलंबनाची तळमळ सर्वांत जास्त लागली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. परदेशी पैशावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायांवर कधी उभी राहणार, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला. दोन वर्षांनी ते गेले, पण प्रश्न मागे राहिला. दुष्काळांनी पिचलेल्या, जातीच्या उतरंडीत तळाशी ठेवलेल्या, भूमिहीन माणसांच्या मंडळीने पाळकाला पगार कुठून द्यायचा? उत्तर घराघरांतून आले. कोणी पैसा दिला, कोणी पायली दिली. हंगामाच्या सणाला भात, नाचणी, भोपळा, कोंबडी, अंडी चर्चमध्ये यायची आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. अनेक मंडळ्यांत तो आजही होतो. मोठी बोली लावून घेतलेला भोपळा काही जण पुन्हा लिलावात ठेवतात. गरीब समाजाला आपण घेणारे नाही, देणारे आहोत, ही जाणीव या देण्याने दिली. मला दशमांशाचे मोल सर्वांत जास्त इथे दिसते.

ही भावना एका धर्माची मक्तेदारी नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना कमाईचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले. शिखांमध्ये दसवंध आहे, मुसलमानांमध्ये जकात. आणि इगतपुरीतच धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. तिथे शुल्क नाही. ज्याने किमान एक शिबिर पूर्ण केले आहे, त्याचेच दान घेतले जाते. आधी मिळते, मग कृतज्ञतेने पुढच्या माणसासाठी दिले जाते. दशमांशामागची ख्रिस्ती भूमिकाही नेमकी हीच आहे: सगळे देवाकडून आले, म्हणून त्यातला वाटा पुढे जातो.

भांडाराची किल्ली

आज दशमांशाला धोका न देणाऱ्यांपेक्षा चुकीचे शिकवणाऱ्यांकडून अधिक आहे. ‘दहा हजार द्या, देव लाख देईल’ असे सांगणारे उपदेश पडद्यावर आणि मोबाइलवर सर्रास ऐकू येतात. आजारी मुलाच्या आईला, नोकरी गेलेल्या बापाला असे सांगणे क्रूर आहे. दान हा देवाशी केलेला सौदा झाला, की गरिबी ही श्रद्धेच्या कमतरतेची शिक्षा ठरते आणि तिसऱ्या वर्षीच्या दशमांशाचे हक्कदारच अपराधी ठरतात. संपूर्ण बायबलच्या विरोधात जाणारी ही शिकवण आहे.

दुसरा धोका हिशेबाचा. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात लेवींना त्यांचा वाटा मिळेनासा होतो आणि ते मंदिर सोडून आपापल्या शेतांवर परततात. नहेम्या अधिकाऱ्यांना जाब विचारतो आणि विश्वासू म्हणून नावाजलेली माणसे भांडारावर नेमतो. पौलही यरुशलेमची वर्गणी एकट्याने नेत नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतो. आपल्याकडे नोंदणीकृत चर्च-ट्रस्टना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब ठेवावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात. पण धर्मादाय आयुक्तांकडे कागद गेला म्हणजे मंडळीला हिशेब दिला असे होत नाही. खजिनदाराने वर्षातून एकदा तरी सगळ्यांसमोर उभे राहून सांगावे: इतके आले, पाळकाच्या पगाराला इतके, इमारतीला इतके, आणि विधवा, अनाथ, आजारी, परगावचे यांना इतके. शेवटचा आकडा शून्य असेल तर ती मंडळी दशमांश गोळा करते आहे, पण पाळत नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नांना माझी उत्तरे साधी आहेत. मूळ पगारावर द्या की हातातल्या पगारावर, ते मनाशी ठरवा आणि ठरवलेले पाळा. कर्जबाजारी माणसाने कर्ज काढून दशमांश देऊ नये. त्याच्यासाठी मंडळीनेच थैली उघडावी. आजारी भावाला दिलेले औषध देवाच्या हिशेबातून सुटत नाही. उरतो इगतपुरीसारख्या लहान गावांतल्या लहान मंडळ्यांचा प्रश्न. तरुण कामासाठी नाशिक-मुंबईला जातात, गावात पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसे उरतात आणि चर्चचे छप्पर मात्र दर पावसाळ्यात दुरुस्ती मागते. बाहेर गेलेल्यांनी आपल्या दशमांशातला एक भाग जन्मगावच्या मंडळीला पाठवावा आणि मोठ्या शहरांतल्या मंडळ्यांनी आपल्या दशमांशाचा दशमांश लहान मंडळ्यांना द्यावा. लेवींना घालून दिलेला तो नियम आजही लागू करता येतो. त्यासाठी चर्चच्या पुढच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून एक ठराव मांडायला हवा.