डिव्हिजन लढते म्हणजे कोण लढतं?

‘आठवी भारतीय डिव्हिजन इटलीत लढली’ अशी वाक्यं आपण सहज वाचतो. पण लढलं नेमकं कोण? आज एवढाच प्रश्न घेऊ.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय डिव्हिजनची बांधणी ब्रिटिश पायदळ डिव्हिजनच्याच नमुन्यावर होती. माणसं साधारण १७ ते १८ हजार. एवढ्यांना एक मेजर जनरल हुकूम देणार कसा? इथं चोरखमाऱ्यात तलावाचं पाणी एकदम बांधीत पडत नाही. कालव्यातून पाटात, पाटातून बांधीत जातं. हुकमाचंही तसंच. डिव्हिजनमध्ये ३ ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये ३ पलटणी, पलटणीत ४ रायफल कंपन्या, कंपनीत ३ प्लाटून, प्लाटूनमध्ये ३ सेक्शन आणि सेक्शनमध्ये १० जवान. तीनच का, तर दोन तुकड्या पुढे लढतात, तिसरी राखीव राहते.

आता गुणाकार करून बघा. एका पलटणीत सेक्शनमधले जवान ३६०, नऊ पलटणींत ३,२४०. म्हणजे पाचांत धड एकही नाही! बाकीचे कोण? ७२ तोफांवरचे गोलंदाज, पूल बांधणारे सॅपर, वायरलेसवाले, ट्रकचालक, डॉक्टर, स्वयंपाकी. ही माणसं नसतील, तर पुढचा जवान दोन दिवसही टिकणार नाही.

या रचनेत निरोप्यालाही जागा असते. ९ एप्रिल १९४५ रोजी याच आठव्या डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमधली पहिली मराठा पलटण सेनिओ नदी ओलांडत होती. शिपाई नामदेव जाधव, मूळ नगर जिल्ह्यातल्या निमजचे, हे कंपनीचे निरोपे. पैलतीरावरून मशीनगनचा मारा झाला. कंपनी कमांडर जखमी झाले आणि सोबतच्यांपैकी एकटे जाधव धड राहिले. वरून हुकूम येण्याची वाटच बंद झाली. जाधवांनी दोन खेपा करून दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांतून बाहेर काढलं. मग मशीनगनची ठाणी मोडली, बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता ही उतरंड वरून पाहू. त्या संपूर्ण महायुद्धात एकाही डिव्हिजनचा प्रमुख भारतीय नव्हता. हुकूम देणारे परके, तो पाळताना मरणारे आपले. म्हणून ‘डिव्हिजन लढली’ असं वाचताना दोन गोष्टी विचाराव्यात: हुकूम कुणाचा होता आणि तो शेवटी कुणाच्या अंगावर आला? रचनेचा तक्ता पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र निमजसारख्या गावांत जाऊनच शोधावं लागतं.