दात खरे, जबडा खोटा
दगडातले प्राणी : लेखांक ९

आमच्या गावाचं आणि दगडाचं नाव एकच, म्हणून की काय, गारगोटीत कुणालाही दगडाबद्दल काही विचारायचं झालं की माझ्याकडे पाठवतात. गेल्या आठवड्यात हायस्कुलातल्या विज्ञानाच्या बाई आल्या. त्यांच्या मोबाइलवर एक फोटो होता : पिवळसर वाळूच्या दगडात रुतलेला वीतभर जबडा, त्यात ओळीनं सात दात. खाली लिहिलेलं, ‘मोसासॉर, मोरोक्को’. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी शिक्षकांनी वर्गणीही काढली होती. “बाई, आठ दिवस थांबा,” एवढंच तेव्हा म्हणालो. हा लेखांक त्या आठ दिवसांतला.

मोसासॉर हे समुद्रात राहणारे प्रचंड सरपटणारे प्राणी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते संपले, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्यातून थिजत होता त्याच सुमारास. मोरोक्कोत खुरिब्गाच्या आसपास फॉस्फेटच्या खाणी आहेत आणि तिथे त्यांचे सुटे दात ढिगानं निघतात. जन्मभर दात पडायचे आणि नवे यायचे, त्यामुळे दातांना तोटा नाही. अखंड जबडा मात्र दुर्मीळ, आणि गिऱ्हाईक मागतं जबडा. मग कारागीर खरे दात घेतात, हाडाचे खरे तुकडे घेतात, खाणीतलीच वाळू डिंकात कालवतात आणि जबडा ‘बांधतात’. दात खरे, हाड खरं, वाळूही खरी. खोटी असते ती फक्त जोडणी. म्हणूनच दाताची चकाकी बघून भुलणारा फसतो.

तेव्हा नजर दातावर नको, दाताच्या बुडाशी हवी. मोसासॉरचा दात नुसता रोवलेला नसतो; खाली फुगीर, हाडासारखं मूळ असतं आणि ते जबड्याला सांधलेलं असतं. मुळाशेजारी नव्या दातासाठी खळगा पडतो. त्यामुळे खऱ्या जबड्यात एक दात पुरता वाढलेला, दुसरा अर्धवट वर आलेला, तिसऱ्याच्या जागी रिकामा खड्डा, असा विस्कळीतपणा दिसतो. बनावट जबड्यात सगळे दात एका उंचीचे, आणि गवंड्यानं दरज भरावी तशी प्रत्येकाभोवती वाळूची गोल कड. एखादा दात उलट्या दिशेला वळलेलाही सापडतो. भिंगाखाली हाडात बारीक छिद्रं आणि तंतूंसारखी रेघ दिसते. भरणीत वाळूचे सुटे कण आणि हवेचे बुडबुडे.

दुसरी परीक्षा दिव्याची. नोटा तपासायचा जांभळा दिवा कुठल्याही पतसंस्थेत असतो. अंधारात तो धरला की बरेच डिंक निळसर-पांढरे चमकतात. इथे घाई करू नये. तडकलेलं हाड प्रामाणिक माणूसही डिंकानंच सांधतो, त्यामुळे तड्यावरची बारीक चमकती रेघ म्हणजे फसवणूक नव्हे. पण प्रत्येक दाताभोवती कडं चमकलं तर उत्तर मिळालं. ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं काही डिंक मऊ पडतात. मात्र तो बोळा विकणाऱ्याला विचारूनच लावावा, नाहीतर खरी वस्तूही खराब व्हायची.

फसगत फक्त हौशी माणसांची होते असं नाही. १८३४ साली ब्रिटिश म्युझियमनं थॉमस हॉकिन्स यांचा संग्रह विकत घेतला आणि त्यातल्या इक्थियोसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे काही भाग प्लास्टरचे निघाले. अलीकडचं उदाहरण म्हणजे २०२१ मध्ये मोरोक्कोतल्या एका जबड्यावरून नोंदवलेली झेनोडेन्स ही नवी मोसासॉर प्रजाती. २०२४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शंका काढली, की एका खळग्यात दोन दात कसे? मोसासॉरचा प्रत्येक दात आपला खळगा आपण करतो. जबडा बनावट असू शकतो, सीटी स्कॅन करा, असं त्यांनी सुचवलं. आपण ज्या जागी भिंग धरतो, तीच ही जागा.

आणखी एक प्रकार असा, की जीवाश्म पूर्ण अस्सल असतो, खोटा असतो तो पत्ता. पंजाब विद्यापीठातल्या विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं नोंदवलेले जीवाश्म परदेशातले असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून मांडलं. त्यांतल्या काहींसारखे हुबेहूब मोरोक्कोचे नमुने पॅरिसच्या दुकानात विकायला होते! याउलट कच्छमधल्या लोडाईच्या खडकातला इक्थियोसॉर, २०१७ मध्ये जाहीर झालेला, शास्त्रज्ञांनी जागेवरच उकरून काढला. कुठल्या थरात, कुठलं हाड कुठल्या हाडाशेजारी, सगळं नोंदलेलं. पत्ता हरवला की जीवाश्माचं निम्मं बोलणं बंद होतं, म्हणून जीवाश्मासोबतची पत्त्याची चिठ्ठीही दातांइतकीच बारकाईनं वाचावी.

बाईंच्या फोटोतले सातही दात एका उंचीचे होते आणि एकाच्याही बुडाशी खळगा नव्हता. मी त्यांना वर्गणीतून सुटे दात घ्यायला सुचवलं, तेही नुसते मुकुट, म्हणजे मुळावरचा चकाकता भाग. कारण एकाच्या मुकुटाला दुसऱ्याचं मूळ चिकटवूनही विकतात. चार-पाच दात आणि एक चांगलं भिंग, एवढं त्या पैशांत बसेल. सोमवारी त्या मुलांना घेऊन पतसंस्थेतला दिवा मागायला जाणार आहेत.

(पुढच्या लेखांकात आपल्या महाराष्ट्रातलं ओकेनाइट हे खनिज : त्याचा पांढरा मऊ गोंडा गुलाबी-निळ्या रंगात बुडवून कसा विकतात ते.)