केराच्या डब्याचें अस्तर व शेताचें खत

घरांतील केराचा डबा व त्यांत घालावयाची पिशवी हा विषय शेतकीच्या मासिकांत कशासाठीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु शेतकऱ्याच्या घरचा ओला केर उकिरड्यावर व तेथून शेतांत जातो. म्हणून त्या केराबरोबर जें जें डब्यांत पडतें, तें तें अखेर आपल्या जमिनींत उतरतें. पूर्वीं केर पाटींत वा सुपांत भरून उकिरड्यावर टाकीत. त्यांत चुलीची राख, भाजीचीं देठें, फळांच्या साली, खरकटें व गुरांपुढची उष्टी वैरण असे, सारें कुजणारें. आतां डबा खराब होऊं नये म्हणून त्यांत प्लॅस्टिकची काळी पिशवी घालण्याची चाल खेड्यापाड्यांतही पडली आहे. दररोज एक पिशवी धरली, तर एका घरांतून वर्षास ३६५ व दोनशें घरांच्या गांवांतून ७३,००० पिशव्या बाहेर पडतील. तेव्हां डब्यांत काय अंथरावें, हा प्रश्न क्षुल्लक समजण्याजोगा नाहीं.

दोन प्रकारची हानि

पहिली हानि गुरांची. शिळें अन्न व साली पिशवींत घालून, गांठ मारून बाहेर टाकल्या, म्हणजे वासानें गुरें तेथें येतात. गाईला गांठ सोडतां येत नाहीं. शिवाय ती खाणें आधीं गिळते व मागाहून रवंथ करते. म्हणून अन्नासह पिशवीही पोटांत जाते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत प्लॅस्टिक पचत नाहीं व पुढेंही सरकत नाहीं. पिशवीवर पिशवी गुंडाळली जाऊन त्याचा गोळा होतो. मग जनावर चारा कमी खातें, रवंथ मंदावतो, पोट वारंवार फुगतें, दूध आटतें व अंग उतरत जातें. हा गोळा औषधानें निघत नाहीं. पशुवैद्यास डावी कूस उघडून तो काढावा लागतो.

दुसरी हानि जमिनीची. उकिरड्यांतून शेतांत गेलेली पिशवी उन्हानें विरते, नांगरानें व वखरानें फाटते, परंतु कुजत नाहीं. पिशवीच्या चिंध्या होतात, चिंध्यांचे तुकडे होतात व तुकड्यांचे कण होतात. सबंध पिशवी वेंचून बांधावर काढतां येते. कण झाल्यावर तो उपाय राहत नाहीं.

कायदा कोठवर पोहोंचतो

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व शहर पाण्याखालीं गेलें. नाले तुंबण्यास प्लॅस्टिकच्या पिशव्याही कारण झाल्याचें तेव्हां सर्वत्र बोललें गेलें. पुढें २००६ सालीं न कुजणाऱ्या कचऱ्यासंबंधीं महाराष्ट्राचा कायदा झाला व त्याच्या आधारें २३ मार्च २०१८ रोजीं राज्य सरकारनें प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्र सरकारनें १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून टाकावयाच्या कित्येक प्लॅस्टिकच्या वस्तू बंद केल्या व ३१ डिसेंबर २०२२ पासून सामानाच्या पिशवीची जाडी निदान १२० मायक्रॉन ठरविली. जाड पिशवी पुन्हां वापरतां व गोळा करतां येते, हा त्यांतील हेतु. परंतु जमिनीच्या दृष्टीनें पाहतां जाड पिशवी उशीरां फाटते एवढेंच; कुजत तीही नाहीं. आपल्या डब्यांत काय घालावयाचें याचा निर्णय शेवटीं आपणच केला पाहिजे.

नांवांचा घोंटाळा

बाजारांत 'पर्यावरणस्नेही' म्हणून ज्या कचऱ्याच्या पिशव्या मिळतात, त्या सर्व एका जातीच्या नसतात. त्यांतील भेद ओळखल्यावांचून पैसे देऊं नयेत.

एक जात 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल' म्हणून विकली जाते. हें नेहमींचेंच प्लॅस्टिक असून त्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यामुळें ऊन व हवा लागतांच तें लवकर तुकडे तुकडे होतें. तुकडे होणें म्हणजे कुजणें नव्हे. शेतकऱ्यास ही पिशवी साध्या पिशवीपेक्षांही अधिक त्रासाची, कारण ती वेंचून काढण्याची संधीच देत नाहीं. युरोपियन संघानें अशा प्लॅस्टिकच्या वस्तू विकण्यास जुलै २०२१ पासून मनाई केली आहे. इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. त्यांनीं निरनिराळ्या पिशव्या मातींत पुरून व समुद्राच्या पाण्यांत ठेवून पाहिल्या. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षांनंतरही बाजारचें सामान वाहून नेण्याइतकी शाबूत निघाली.

दुसरी जात 'कंपोस्टेबल' पिशव्यांची. मक्यासारख्या पिष्टमय पिकापासून काढलेले पदार्थ व सूक्ष्म जंतूंस खातां येतील अशीं कांहीं कृत्रिम द्रव्यें यांपासून ती बनवितात. तिच्या कसोटीस आयएसओ १७०८८ असें नांव आहे. सुमारें ५८ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या कंपोस्टांत १८० दिवसांच्या आंत पिशवींतील कर्बाचा ९० टक्के भाग जंतूंनीं खाऊन वायुरूप केला पाहिजे, अशी त्यांतील मुख्य अट आहे. घेतांना पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, करणाराचें नांव व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दाखल्याचा क्रमांक आहे कीं नाहीं, हें पाहावें. नुसता हिरवा रंग किंवा पानाचें चित्र हा पुरावा नव्हे.

उकिरडा तापला पाहिजे

वरील कसोटींतील ५८ अंशांची अट आपण विसरतां कामा नये. गांवच्या पसरट व कोरड्या उकिरड्यांत इतकी उष्णता सहसा उत्पन्न होत नाहीं. प्लिमथच्या प्रयोगांतही कंपोस्टेबल पिशवी समुद्रांत तीन महिन्यांत नाहींशी झाली. पण मातींत ती सत्तावीस महिन्यांनंतरही ओळखूं येत होती, मात्र वजन पेलण्याची शक्ति तिच्यांत उरली नव्हती. म्हणजे अशी पिशवी घेणाऱ्यानें आपला ढीगही नीट रचला पाहिजे.

ही विद्या आपणांस नवी नाहीं. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूरच्या संस्थेंत बसविलेली कंपोस्टाची पद्धति १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. काडीकचरा, शेण, मूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ओलावा राखून ठराविक दिवसांनीं ढीग उलथला, म्हणजे तो ६० अंशांच्या वर तापतो व सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. अशा ढिगांत कंपोस्टेबल पिशवी घालावयाची तर गांठ सोडून, फाडून व ढिगाच्या मध्यभागीं घालावी. कडेला राहिलेली पिशवी तशीच उरते. पुसदकडील ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप पद्धति ज्यांच्याकडे आहे, त्यांनीं विशेष सावध असावें. विटांचा तो हौद एकदां शेणमातीनें लिंपला कीं तीन-चार महिने उघडत नाहींत. आंत साधें प्लॅस्टिक गेलें असल्यास तें खत काढतांनाच दिसतें.

सर्वांत सोईचें अस्तर

इतका विचार केल्यावर ध्यानांत येतें कीं, ज्याच्या घरीं उकिरडा आहे त्यास विकतच्या पिशवीची गरजच थोडी. ओला व सुका केर वेगळा ठेवण्याचें बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनींच घातलें होतें. तें पाळलें म्हणजे सुक्या केरास अस्तर लागत नाहीं. ओल्या केरास जुनें वर्तमानपत्र पुरतें. त्याचा द्रोण असा करावा. दोन-तीन मोठीं पानें एकावर एक ठेवून चौरस कापावीं व कर्णावर घडी घालून त्रिकोण करावा. पायाचें प्रत्येक टोंक समोरच्या बाजूच्या मध्यावर आणून दाबावें. वर राहिलेलीं दोन टोंकें एक या अंगास व एक त्या अंगास खालीं दुमडावीं. तोंड उघडलें कीं द्रोण तयार होतो. तो डब्यांत बसवून तळाशीं मूठभर भुसा, पाचोळा किंवा लाकडाचा कीस घालावा व खरकटें टाकल्यावर वरून तसाच थोडा पसरावा. पाणी शोषलें जातें, दुर्गंधि व माशा कमी होतात, आणि ओल्या केरांत कमी असणारा कर्ब ढिगास मिळतो. द्रोण रोज कागदासह उकिरड्यांत टाकावा व डबा धुऊन उन्हांत पालथा घालावा. पळसाच्या वापरलेल्या पत्रावळीही चालतात. मात्र ज्यांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटविलेला असतो त्या, तसाच गुळगुळीत चकचकीत कागद, वर्ज्य समजावा.

औषधांचीं पाकिटें, विजेरीचे सेल, कीटकनाशकांच्या बाटल्या, लहान मुलांचे तयार लंगोट वगैरे वस्तू कोणत्याही अस्तरांत घालून खतांत जातां कामा नयेत. त्या कागदांत गुंडाळून निराळ्या ठेवाव्या व ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या गाडींत द्याव्या. प्लॅस्टिक चुलींत जाळणें तर कटाक्षानें टाळावें. त्याचा धूर विषारी असतो. ज्यांचें बिऱ्हाड शहरांत आहे व ज्यांचा केर खरोखर कंपोस्टाच्या कारखान्यांत जातो, त्यांनीं दाखल्याची कंपोस्टेबल पिशवी जरूर वापरावी. ती ओलसर जागेंत कालांतरानें आपोआप कमजोर होते, म्हणून एकदम मोठा सांठा करूं नये.

शहराचें कंपोस्ट विकत घेणाऱ्यांनींही हीच दृष्टि ठेवावी. खत नियंत्रण आदेशाप्रमाणें शहरी कंपोस्टाचा निदान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणींतून गेला पाहिजे. परंतु प्लॅस्टिकचे बारीक तुकडेही त्याच चाळणींतून जातात. यासाठीं गाडी खालीं करून घेण्यापूर्वीं चार ठिकाणचें मूठ मूठ खत बादलीभर पाण्यांत ढवळून पाहावें. वर तरंगणाऱ्या चिंध्या तेव्हांच डोळ्यांस दिसतील.

सारांश, अस्तर निवडतांना प्रत्येकानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हें मी केरासकट माझ्या शेतांत पसरूं देईन काय? ज्या वस्तूस 'होय' असें उत्तर देतां येईल तीच डब्यांत घालावी. येत्या हंगामाचें खत बाहेर काढण्यापूर्वीं वाचकांनीं आपला उकिरडा एकदां फावड्यानें उकरून पाहावा, सांपडेल तेवढें प्लॅस्टिक वेंचून काढावें व त्याच दिवसापासून घरच्या डब्याची व्यवस्था बदलावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.