सेवानिवृत्त रुग्णाचा मुंबईतील एक दिवस : वेगावरोधाच्या दृष्टीने विचार

"परवा मुंबईला जाऊन आलो, तेव्हापासून..." अशा शब्दांनी सुरू होणारे वेदनावृत्त पुण्यातील वैद्यांना नवे नाही. रुग्ण साठी-सत्तरीचा असतो. गुडघे धरलेले, मलप्रवृत्ती दोन दिवस नाही, मूत्रप्रवृत्ती सदाह, झोप मोडलेली आणि उठताना भ्रम. आपण वातशमनाची औषधे देतो आणि 'आता या वयात दगदग नको' असा सल्ला त्याला जोडतो. या सल्ल्याविषयीच आम्हांला येथे काही मांडावयाचे आहे.

सेवानिवृत्त मनुष्य मुंबईस हौसेनेच जातो असे नाही. मुलीचे घर, हृदयरोगतज्ज्ञांकडील तपासणी, निवृत्तिवेतनाचे काम, जुन्या सहकाऱ्याचे आजारपण अशी कारणे असतात. आणि हौसेने गेला तरी त्यात गैर काय? जाणे बंद करवले की काही महिन्यांत त्याचा वावर घर आणि कोपऱ्यावरचे वाचनालय एवढ्यावर येतो. अशा रुग्णांत अग्निमांद्य, विषाद व बलहानी वाढत गेलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून प्रवासाचा निषेध करण्यापेक्षा त्याचा विधी सांगावा, हे आम्हांस अधिक युक्त वाटते.

यान हे वातप्रकोपाचे कारण खरेच. चरकाचार्यांनी वातव्याधीच्या हेतूंत शीघ्र वाहनांवरून पडणे सांगितले आहे; सुश्रुताचार्यांनी शोषाच्या प्रकारांत अध्वशोष निराळा गणला आहे. परंतु आजचा रुग्ण वातानुकूलित डब्यात बसून येतो, उंटावरून नव्हे. मग इतका प्रकोप कशाने? रुग्णाला दिवसाचा तपशील तासातासाने विचारला तर उत्तर बहुधा चरकसंहितेच्या 'नवेगान्धारणीय' अध्यायात सापडते. तेथे सांगितलेल्या तेरा वेगांपैकी निदान पाच वेग हा मनुष्य एका दिवसात अडवतो.

प्रथम मूत्रवेग. लोकलगाडीत शौचालय नसते, शहरात ते कोठे आहे हे ठाऊक नसते, विचारण्याचा संकोच असतो. त्यावर रुग्णाने स्वतः शोधलेला उपाय म्हणजे पाणीच न पिणे. अर्थात मूत्रवेग टाळण्यासाठी तृष्णावेगाचे धारण. तृष्णानिग्रहाची कंठशोष, श्रम, साद, हृद्व्यथा ही लक्षणे ऑक्टोबरच्या मुंबईत दुपारी दोन वाजता दिसावयास वेळ लागत नाही. काही रुग्ण तर सकाळची मूत्रल गोळी आपल्या मनाने गाळतात. रक्तदाब किंवा हृद्रोग असलेल्या रुग्णात हे धोक्याचे आहे. गोळी देणाऱ्या तज्ज्ञांना वेळेतील बदलाविषयी आधी विचारून घ्यावे, पण ती गाळू नये, असे आपण स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. कारण रुग्ण आपणहून ते सांगत नाही.

पुरीषवेग पहाटेच्या घाईत जातो, क्षुधा 'काम झाल्यावर खाऊ' म्हणून. प्रमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला जेवणाचा हा उशीर परवडणारा नाही. घाम, कंप व भ्रम जाणवताच साखर खाता यावी म्हणून ती त्याच्या खिशातच असावी; पिशवीच्या तळाशी नव्हे.

आणि ज्याकडे आपलेही लक्ष कमी जाते, तो श्रमश्वास. फलाटावरील पूल चढून मनुष्य वर येतो, धाप लागलेली असते, मागून गर्दीचा लोट येत असतो. थांबता येत नाही, थांबण्याची लाजही वाटते. श्रमश्वासाच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे ग्रंथवचन आहे, आणि चिकित्सा सांगितली आहे ती विश्रांती व वातघ्न क्रिया. वृद्धाने जिना चढून झाल्यावर कठड्याशी बाजूला उभे राहून श्वास पूर्ण स्थिर होऊ द्यावा, मगच पुढे जावे. हे औषधपत्रावर लिहून दिले तर तो ते पाळतो. तोंडी सांगितलेले पाळत नाही.

आमचे एक रुग्ण ७३ वर्षांचे आहेत. टपाल खात्यातून निवृत्त, वातप्रकृती, पौरुषग्रंथीची वृद्धी आणि डाव्या जानुसंधीत संधिगत वात. ते दरमहा एकदा मुंबईस जातात आणि दुसऱ्या दिवशी फिरायलाही जातात. त्यांचा क्रम आम्ही मुद्दाम विचारून घेतला. १९३० सालापासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनचे जातायेतानाचे आरक्षण ते आधीच करतात. मार्च २०२० पासून रेल्वेची ज्येष्ठांची सवलत बंद आहे, तरी ही गाडी त्यांनी सोडलेली नाही. कारण गाडीत शौचालय आहे आणि घाटात वाहतूक तुंबत नाही. द्रुतगती मार्गावर सुट्ट्यांच्या दिवसांत मोटारीत अडकलेल्या वृद्धाची स्थिती आठवली की हा हिशेब पटतो. गाडी साडेदहाच्या सुमारास पोहोचते, सकाळच्या गर्दीचा भर ओसरू लागलेला असतो. तरीही ते लगेच स्थानकाबाहेर पडत नाहीत. प्रतीक्षालयात वीस मिनिटे बसणे, मूत्रविसर्जन, कोमट पाणी, मग काम. काम एकच. दुसरे निघाले तर ते पुढच्या महिन्यावर जाते. साडेबाराला सावलीत बसून डबा, चारपर्यंत पुन्हा स्थानक, आणि सायंकाळची लोकलची गर्दी ऐन भरात येण्याच्या सुमारास ते स्वतःच्या आसनावर परतीला लागलेले असतात. "हे मुंबईला जातात की नुसते व्हीटीला?" असे त्यांच्या सौभाग्यवती विचारतात.

दादर, सिद्धिविनायक किंवा वरळी येथे काम असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झालेली भुयारी मेट्रो वृद्धांना सोयीची आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला तिचे स्थानक आहे आणि उद्वाहक असल्याने जिने टळतात.

आहारात आपल्या आज्यांची दशमी अजून सर्वोत्तम. दुधात भिजवलेली, तुपाची, न विटणारी, सोबत मोरावळा. कर्जतच्या बटाटेवड्याशी आमचे वैर नाही, पण तो परतीच्या प्रवासात आणि एकच असावा. घाटात हृल्लास होणाऱ्यांनी साळीच्या लाह्या व सुंठेचा तुकडा जवळ ठेवावा.

औषधयोजनेत दोन गोष्टी. आदल्या रात्री एरंडस्नेह किंवा कोणतेही रेचन देऊ नये; नित्य त्रिफळा घेणाऱ्याने ती त्या रात्री थांबवावी. स्नेहपान, शोधन चालू असता प्रवासाची तारीख विचारल्याशिवाय क्रम ठरवू नये. आसव-अरिष्टांची बाटली प्रवासात नको. अर्धवट भरलेल्या बाटलीचे झाकण उन्हात सैल होऊन कपड्यांवर डाग पडतात आणि मात्रा बुडते ती निराळीच. येथे औषधालय चालवणाऱ्या व्यवसायबंधूंचे साहाय्य होऊ शकते. 'प्रवासाला जाणार आहे' असे ग्राहक म्हणाला तर सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पुड्या बांधून प्रत्येकीवर वेळ व अनुपान मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे, आणि अरिष्टाऐवजी वटी चालेल का, हे वैद्यांना दूरध्वनीवर विचारून घ्यावे.

परतल्यावर रात्री मुगाचे कढण किंवा पातळ खिचडी, उष्णोदक, पादाभ्यंग व झोप. त्या रात्री सर्वांगाला तेल चोळण्याचा आग्रह नको. थकलेला मनुष्य न्हाणीघरात घसरतो. दुसऱ्या दिवशी कटी-जानुशूल व मलावरोध असल्यास भोजनोत्तर मात्राबस्ती द्यावा. अध्व व यान यांनी कर्शित झालेल्यांसाठी तो चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात नावाने सांगितला आहे, आणि त्याला पथ्याचे फारसे बंधन नसल्याने वृद्ध तो आनंदाने घेतात.