गर्भारपणातील रक्तदाब : वेळीच ओळखण्याचे मोल

सातवा महिना सरलेल्या एक भगिनी डोकेदुखीची तक्रार घेऊन प्रसूतिपूर्व तपासणीस आल्या. पायांवरील सूज ‘या दिवसांत येतेच’ म्हणून घरी कोणी मनावर घेतली नव्हती. रक्तदाब १६०/११० भरला; लघवीत प्रथिने आढळली. घरी तीन वर्षांची मुलगी असल्याने त्या दाखल होण्यास राजी नव्हत्या. डॉक्टरांनी पती व सासूबाईंना समोर बसवून धोका समजावला, तेव्हा त्या थांबल्या.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक होणे आणि लघवीतून प्रथिने जाणे, ही या विकाराची प्रमुख चिन्हे. वारेचा रक्तपुरवठा अपुरा पडून बाळाची वाढ खुंटते; मातेला झटके येऊ शकतात. ते टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, १०,००० हून अधिक स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. बाळाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून मातेला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात. विकारावरचा खरा उपाय मात्र प्रसूती हाच. ती किती लांबवावी, हा रोजचा निर्णय असतो.

या भगिनींना बारा दिवस मिळाले. शस्त्रक्रियेने जन्मलेले दीड किलोचे बाळ तीन आठवडे नवजात कक्षात राहिले. निरोप घेताना त्या एवढेच म्हणाल्या, “त्या दिवशी घरी गेले असते, तर?”

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, यांपैकी काहीही जाणवल्यास पुढील तारखेची वाट पाहू नये. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. म्हणून घरी गेल्यावरही रक्तदाब तपासून घ्यावा.