समता उंबऱ्याच्या आत येऊ द्या!

नवरा-बायकोच्या शरीरसंबंधावर चळवळीच्या दैनिकात लिहायचे म्हटले की काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना आम्ही 1934 सालची आठवण करून देऊ इच्छितो. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर! त्यात यश आले नाही, परंतु बाबासाहेब या विषयाला लाजले नाहीत. मग त्यांचे अनुयायी म्हणवणारे आपण का लाजतो?

‘बायकोला इच्छाच होत नाही’ ही तक्रार आम्ही अनेक समाजबांधवांकडून ऐकली आहे. त्यावर कोणी जडीबुटीवाल्याच्या तंबूत शिरतो, कोणी क्वार्टर मारून घरी जातो, तर कोणी सरळ तिच्या चारित्र्यावर संशय घेतो. मग मारहाण, माहेर आणि शेवटी कोर्ट. तिला इच्छा का होत नाही, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.

दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो. ऐन उमेदीच्या काळात आम्ही सभा-बैठका आटोपून रात्री अकराला घरी यायचो. आमच्या सहचारिणी पहाटे साडेचारला नळाच्या पाण्यासाठी उठलेल्या. नंतर नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. त्यांनी कूस बदलली की आम्ही रागाने दोन-दोन दिवस अबोला धरायचो. एके रात्री त्या म्हणाल्या, “सभेत समता सांगून येता, आणि पाण्याचा तांब्याही मलाच मागता. दिवसभर विचारपूस नाही आणि दिवा मालवला की माझी आठवण होते!” त्या वाक्याने आम्ही अक्षरशः ओशाळलो.

पुढे वाचनात आले ते त्यांच्या बोलण्याला दुजोरा देणारे होते. कॅनडाच्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली मांडले की, बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत इच्छा आधी आणि जवळीक नंतर असे घडत नाही. आपुलकीचा स्पर्श, निवांतपणा, विश्वास आधी मिळतो आणि इच्छा त्यातून जागी होते. अन्य संशोधकांनी याला गाडीची उपमा दिली आहे. माणसाच्या मनात अ‍ॅक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतो. थकवा, कर्जाची चिंता, दिवस राहण्याची भीती, भांडणाचा सल, पातळ भिंतीपलीकडे जागे असलेले सासू-सासरे हे सारे ब्रेक आहेत. ब्रेक दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी कशी पुढे जाणार?

तेव्हा बांधवांनो, ब्रेक सोडवण्याचे काम संध्याकाळपासून करा. भांडी घासा, मुलांना झोपवा. टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून पंधरा मिनिटे तिच्याजवळ बसा आणि तिचे ऐका. प्रत्येक स्पर्शाचा शेवट एकाच गोष्टीत झाला पाहिजे हा हट्ट सोडा, म्हणजे हात हातात घेतला तरी ती दचकणार नाही. तिला काय आवडते, काय नको, हे तिलाच विचारा. दिवस राहण्याची भीती असेल तर निरोध वापरण्याची जबाबदारी तुमची. दहा बाय दहाच्या खोलीत एकांत मिळत नाही हे आम्ही जाणतो. मुले रविवारी विहारात धम्मवर्गाला जातात, तो तास तुमचा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही नातवंडांना घेऊन थोडे बाहेर पडावे.

इच्छा कधी पुरुषाचीही मंदावते. मधुमेह, नैराश्य, दारू, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या यांमुळे असे होते. स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना, पाळी जाताना कोरडेपणा येतो, दुखते. हा दोष नव्हे. भोंदूकडे न जाता डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मनाने गोळ्या बंद करू नका.

आणि एवढे करूनही ती ‘आज नको’ म्हणाली, तर विषय तिथे संपला पाहिजे. 2023 च्या भारतीय न्याय संहितेने पत्नीवरील बळजबरीला बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवले. मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हाही हिंसाचारच आहे, हे प्रत्येक भगिनीला ठाऊक असावे. नवऱ्याला तर कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नसावी.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, दासी होऊ नये. मैत्रिणीवर हुकूम चालत नाही, तिची मर्जी विचारावी लागते. आज घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या आपल्या हाताने भरून घ्या, एक तिच्यासाठीही भरा. सुरुवात तिथून होऊ द्या.

जयभीम!