हातातले पुस्तक खाली ठेवायला लावले, तिने कॉलेज उभारले

अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यात १८३४ साली कायदा झाला: गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा. आपल्याकडे अक्षरबंदी धर्मशास्त्राने केली, तिकडे विधिमंडळाने. गुलामगिरी संपल्यावर याच राज्यात १८७५ साली मेरी मॅक्लिऑड जन्मली. सतरा भावंडांतली ती पंधरावी. आई-वडील दोघेही पूर्वीचे गुलाम.

लहानपणी आईबरोबर गोऱ्या मालकाच्या घरी गेली असता तिने एक पुस्तक उचलले. ‘तुला वाचता येत नाही, ठेव ते खाली’, अशा अर्थाचे तिथल्या गोऱ्या मुलीने सुनावले. मेरीबाई हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगत. गावाजवळ मिशनची शाळा निघाल्यावर ती रोज मैलोगणती पायपीट करी आणि घरी येऊन शिकलेले घरच्यांना शिकवी. मेरीबाईंच्या मास्तरकीची सुरुवात आम्ही इथूनच धरतो.

३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे बेथून बाईंनी (लग्नानंतरचे आडनाव) मुलींची शाळा उघडली. आमच्यासारख्या खर्डेघाशांनी हा जमाखर्च एकदा मांडून पाहावा: हाती दीड डॉलर, घरभाडे महिना अकरा डॉलर, पटावर पाच मुली आणि स्वतःचा लहान मुलगा! जळक्या लाकडाच्या पेन्सिली, रानफळांच्या रसाची शाई, खोक्यांची बाके. पैशासाठी बाई रताळ्याचे गोड पदार्थ करून विकत. श्रीमंत गोऱ्यांपुढेही त्यांनी हात पसरला, यावर टीका करणारे आहेत. पण वर्गात काय शिकवायचे ते बाईच ठरवीत, हे आम्हास महत्त्वाचे वाटते.

१९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाला. मतदानासाठी कर भरावा लागे. त्याचे पैसे बाई घरोघर फिरून जमवीत आणि रात्रीच्या वर्गात प्रौढांना वाचायला शिकवीत. मतदानापूर्वी कू क्लक्स क्लॅनची मुखवटेधारी टोळी शाळेवर चालून आली. बाई हटल्या नाहीत. आपल्या लोकांना घेऊन त्या मतदानाला गेल्याच. शाळेचे ग्रंथालयही त्यांनी वस्तीतल्या लोकांना खुले केले होते.

१९२३ साली ही शाळा मुलांच्या कुकमन संस्थेशी जोडली गेली. पुढे तिचे बेथून-कुकमन कॉलेज झाले आणि १९४१ साली तिथे चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला. तिकडे कॉलेजच्या प्रमुखास अध्यक्ष म्हणतात. बाई १९४२ पर्यंत आणि पुन्हा १९४६-४७ साली या पदावर होत्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत त्यांनी कृष्णवर्णीय युवकांसाठीच्या सरकारी विभागाचे संचालकपदही सांभाळले. १८ मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. फ्लोरिडाच्या वतीने तिथे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यातला एक सेनापती उभा होता. २०२२ साली त्याची जागा मेरीबाईंच्या पुतळ्याने घेतली.